शातकर्णीची राणी

सातवाहन कुळातल्या एका राजाच्या हातून, शृंगाराच्या भरात, त्याच्या पट्टराणीचा जीव गेला. राजा कुंतल शातकर्णी, राणी महादेवी मलयवती. हा प्रसंग वात्स्यायनाच्या कामसूत्रात नोंदलेला आहे, दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात, आणि तिथे तो धोक्याची सूचना म्हणून आला आहे.

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर हे बारवांचं गाव. त्यांतल्या चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेतला गाळ गावकऱ्यांनी श्रमदानाने काढला आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. इथून जवळजवळ सरळ पश्चिमेला, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पैठण आहे, सातवाहनांचं प्रतिष्ठान. या मुलखात सातवाहन म्हटलं की शालिवाहन शक आठवतो, नाणी आठवतात, हाल राजाची गाथासप्तशती आठवते. मलयवतीचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. आज ते असायला हवं. ज्या तऱ्हेने ती गेली, तिचाच एक अधिक घातक प्रकार मोबाइलच्या पडद्यावरून गावोगावच्या शेजघरांत शिरतो आहे: प्रणयात जोडीदाराचा गळा आवळणं, श्वास अडवणं.

कामसूत्राचा तो अध्याय प्रहार आणि सीत्कार यांच्याबद्दलचा. खांदे, डोकं, छाती, पाठ, कुशी अशा जागा आणि हाताच्या पाठीने, पसरलेल्या हाताने, मुठीने, तळव्याने असे चार प्रकार वात्स्यायन सांगतो. मग तो दाक्षिणात्यांच्या आणखी चार प्रकारांकडे वळतो: कीला, कर्तरी, विद्धा आणि संदंशिका. यांच्या खुणा तिकडच्या तरुणींच्या अंगावर दिसतात, असंही तो म्हणतो. ‘तिकडच्या’ म्हणजे आपल्याकडच्या. त्याचं स्वतःचं मत लगेच पुढे येतं. हे प्रकार त्रासदायक आहेत, सभ्य माणसाला शोभणारे नाहीत, आणि एका प्रदेशात रूढ असलेली गोष्ट दुसरीकडे उचलू नये. जीवघेणी असेल ती तर त्या प्रदेशातही टाळावी.

आणि मग तो तीन प्रकरणं मांडतो, एखाद्या न्यायवैद्यकाच्या टिपणासारखी कोरडी. चोल राजाने कीलेच्या प्रहाराने चित्रसेना या गणिकेला मारलं. कुंतल शातकर्णीने कर्तरीने मलयवतीला मारलं. नरदेव नावाच्या माणसाचा हात अधू होता. त्याचा विद्धेचा नेम चुकला आणि एका नटीचा डोळा गेला. तिन्ही ठिकाणी मारणारा पुरुष, सोसणारी स्त्री. सोसणाऱ्यांतली एक गणिका, एक नटी. पण तिसरी पट्टराणी होती, म्हणजे मानाचं स्थानही कामी आलं नाही.

या सूत्रांवर यशोधराची जयमंगला ही टीका आहे, तेराव्या शतकातली. देवगिरीच्या यादवांचा तोच काळ. मराठवाड्यातल्या कितीतरी बारवा आणि मंदिरं तेव्हाचीच. यशोधर मूळ सूत्रात नसलेला तपशील देतो. मलयवती आजारातून नुकतीच उठली होती, अंगात ताकद आली नव्हती. मदनोत्सवासाठी ती नटली. राजाने तिला तशी पाहिली आणि त्याचा तोल गेला. हा तपशील परंपरेने ऐकत आलेला असेल किंवा यशोधराने आपल्या मनाने भरला असेल, पण त्यातली समज पक्की आहे. तोच हात, तेवढाच जोर, पण समोरचं शरीर त्या दिवशी वेगळं होतं आणि राजाने विचारलं नाही.

वात्स्यायनाने कारणही सांगितलं आहे. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खड्डा दिसत नाही, तसं रतीच्या भरात आंधळ्या झालेल्या दोघांना इजा दिसत नाही. म्हणून आपला जोर आणि समोरच्याचा नाजूकपणा आधी ओळखावा, असं तो बजावतो. अठराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या डॉक्टरलाही खोडता येणार नाही.

याच सातवाहनांची दुसरी एक गोष्ट सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे, आणि ती मराठी घरांत पोरासोरांनाही ठाऊक असते. वसंतात सातवाहन राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. पाणी उडवून उडवून एक राणी दमली. ती संस्कृतात म्हणाली, मला पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ हे दोन शब्द तिच्या तोंडी जोडले गेले; राजाला संधी कळला नाही आणि त्याने ताटभर मोदक मागवले. राणी हसली, बाकीच्याही हसल्या, आणि शरमलेला राजा व्याकरण शिकायला बसला. त्याच्यासाठी शर्ववर्म्याने कातंत्र व्याकरण रचलं, अशी कथा आहे.

लहानपणी या गोष्टीत आपण राजाला हसतो. मोठेपणी ती वाचताना लक्ष राणीकडे जातं. खेळ सुरू आहे, ती दमली आहे, ती स्पष्ट शब्दांत थांबायला सांगते आणि तिचं म्हणणं पोचत नाही. जलक्रीडेत त्याची किंमत ताटभर मोदक एवढीच पडली. शिवाय या राजाला लाज वाटली, तो शिकला. शातकर्णीच्या पश्चात्तापाबद्दल वात्स्यायन एक अक्षर लिहीत नाही.

नकार पोचण्याच्या याच प्रश्नावर कामसूत्राचा मोठा दोष उघडा पडतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रहाराच्या वेळी स्त्री जे उद्गार काढते त्यांची यादी त्याच अध्यायात आहे. त्यात आईला मारलेल्या हाका आहेत, ‘थांब’ आहे, ‘सोड’ आहे, ‘पुरे’ आहे. वात्स्यायनाच्या लेखी हे सगळे शृंगाराचे अलंकार. म्हणजे धोका त्याने ओळखला, पण धोक्याची घंटा आणि शृंगारातला पैंजण यांचा आवाज एकच ठेवला. मलयवती मरण्यापूर्वी ‘पुरे’ म्हणाली असेल, तर त्या शास्त्राप्रमाणे राजाने ते ऐकून आणखी चेकाळावं अशीच रचना होती. पुढे आपल्या लावणीने लटका नकार रंगवला, सिनेमाने तो घराघरांत नेला. लटक्या नकाराची गंमत कुणी हिरावून घ्यावी असं नाही. पण खरा नकार कसा ओळखायचा, हे ठरवून ठेवल्याशिवाय ती गंमत खेळणारे शातकर्णीच्या वाटेवर असतात.

आधुनिक काळात कामसूत्राचा प्रवास मुंबईतूनच झाला. १८८३ साली रिचर्ड बर्टनच्या नावावर गाजलेल्या इंग्रजी भाषांतराचं खरं काम भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी केलं होतं. तेव्हापासून जगाने या ग्रंथातून आसनं उचलली. दोन मृत्यू आणि एका गेलेल्या डोळ्याचा परिच्छेद कुणी पोस्टरवर छापला नाही.

मराठीत या विषयावर सरळ बोलण्याची किंमत र. धों. कर्व्यांनी मोजली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक आपल्या शेजघरातले प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, मासिक बंद पडलं नाही. शंका विचारणं म्हणजे विकृती नव्हे, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. वालूरसारख्या गावात आजही दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना, नवराबायकोने या गोष्टी कुजबुजत तरी कधी बोलायच्या? बोलणं राहून जातं आणि शिकवणी मोबाइल घेतो.

मोबाइल जे शिकवतो त्यात गळा दाबणं हा आता नेहमीचा प्रकार झाला आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या डेबी हर्बेनिक यांनी २०२१ पासून यावर सलग अभ्यास प्रसिद्ध केले. एका विद्यापीठातल्या पाहणीत निम्म्याहून अधिक तरुणींनी, आपला गळा कधी ना कधी दाबला गेल्याचं सांगितलं. हा जिन्नस नवा नाही, फक्त पूर्वी तो दुर्मीळ होता. सप्टेंबर १७९१ मध्ये फ्रांतिशेक कोत्सवारा हा बोहेमियन संगीतकार लंडनमध्ये सुझाना हिल नावाच्या वेश्येकडे गेला. स्वतःच्या आग्रहाने त्याने दाराला दोरी बांधून गळ्यात फास घेतला आणि काही मिनिटांत मेला. सुझानावर खुनाचा खटला चालला, ती निर्दोष सुटली. तिची त्यात इच्छा किती होती, हा प्रश्न तेव्हा कुणाला महत्त्वाचा वाटल्याचं दिसत नाही.

भारतात श्वासाशी खेळण्याची एक जुनी, शिस्तबद्ध परंपरा आहे, ती कुंभकाची. तिचा दाखला देऊन ‘हे तर आपल्या योगातलंच’ असं म्हणणारे भेटतात. हठयोगप्रदीपिका मात्र उलट सांगते: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून श्वासाचे प्रयोग यंत्रांनी मोजायला घेतले, तेही गुरू समोर आणि साधक शुद्धीवर असताना. कुंभकात श्वास कोंडणारा आणि सोडणारा एकच असतो. जीव घाबरला की छाती आपोआप उघडते. गळ्यावर दुसऱ्याचा हात असला की सोडण्याचा अधिकार त्या हाताकडे जातो.

गळा दाबला की श्वास कोंडतो, असा सर्वांचा समज असतो. खरी इजा बहुतेक वेळा रक्ताची असते. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आणि परत आणणाऱ्या शिरा कातडीखाली फार खोल नसतात. श्वासनलिका बंद करायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी कमी जोरात त्या दबतात. १९४३ साली अमेरिकेत रोसेन, काबात आणि अँडरसन यांनी निरोगी तरुणांच्या मानेभोवती हवेचा पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवला. पाच ते दहा सेकंदांत ते बेशुद्ध पडले. एवढ्या वेळात ‘सोड’ म्हणायलाही जमत नाही. दाब तसाच राहिला तर पुढच्या काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथे गुठळी धरते आणि पक्षाघाताचा झटका काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो. तेव्हा त्या रात्रीचा आणि या झटक्याचा संबंध कुणी जोडत नाही.

बाहेरून तर काहीच कळत नाही. सॅन दिएगोतल्या गळा दाबल्याच्या तीनशे पोलिस प्रकरणांच्या अभ्यासात जवळपास निम्म्या स्त्रियांच्या मानेवर एकही खूण दिसली नव्हती. हर्बेनिक यांच्या सहकाऱ्यांना वारंवार गळा दाबला गेलेल्या तरुणींच्या रक्तात मेंदूच्या इजेशी जोडलेल्या एका प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. जे वाइझमन हे रुग्णवाहिकेवर काम केलेले आणि रांगड्या शृंगारावर पुस्तकं लिहिणारे अमेरिकन लेखक. या वर्तुळातले असूनही त्यांनी १९९७ साली लिहिलं की गळ्याच्या बाबतीत सुरक्षित पद्धत त्यांना सापडलीच नाही. हात कुठे ठेवावा, किती दाबावा, याची ‘बरोबर’ रीत शिकवणारा प्रत्येक व्हिडिओ म्हणूनच खोटा आहे. नाजूकपणा ओळखा, हा वात्स्यायनाचा सल्ला छातीच्या किंवा पाठीच्या बाबतीत थोडाफार पाळता येईल. मानेच्या बाबतीत तो पाळायला अवकाशच उरत नाही.

मग संमतीचं काय? दोघं सज्ञान आहेत, दोघांची राजीखुशी आहे, इतरांनी नाक का खुपसावं?

भारतीय कायद्याने या प्रश्नाचं उत्तर १८६० सालीच दिलं आहे. दंड संहितेच्या कलम ८७ प्रमाणे अठरा वर्षांवरचा माणूस स्वतःला होणाऱ्या इजेला संमती देऊ शकतो. उदाहरण दिलं आहे ते दोघांनी मौजेखातर तलवारबाजी खेळण्याचं. पण ज्या कृत्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव करणाऱ्याला ठाऊक आहे, तिथे ही संमती उपयोगाची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २५ व्या क्रमांकावर आलं. मृत्यूचा धोका स्वतःहून पत्करणारा सज्ञान माणूस मेला, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. कोत्सवाराच्या बाबतीत सुझाना सुटली. आज इथे तिचं काय झालं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

संमती म्हणजे काय, हे ठरवायला महाराष्ट्रातली एक लढाई कारण झाली. देसाईगंज पोलिस ठाण्यातल्या १९७२ च्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. २०१३ च्या दुरुस्तीत ते कायद्यात उतरलं: संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार, प्रतिकार केला नाही म्हणून तो गृहीत धरता येत नाही. लग्नातल्या जबरदस्तीला मात्र कायदा आजही बलात्कार म्हणत नाही, आणि मलयवती लग्नाचीच होती.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०११ साली थेट हाच प्रकार आला. एका स्त्रीने जोडीदाराला गळा दाबू दिला होता आणि ती बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत पुढे जे झालं त्याला तिचा आधीचा होकार पुरतो का? बहुमताने न्यायालय म्हणालं, पुरत नाही. संमती क्षणाक्षणाला जिवंत लागते आणि ती मागे घेता आली पाहिजे. बेशुद्ध माणसाला ती मागे घेता येत नाही. ब्रिटनने २०२१ च्या कायद्यात, गंभीर इजा झाली असेल तर ‘तिच्याच मर्जीने चाललं होतं’ हा बचाव बाद केला आणि जीव न घेणारं गळा दाबणंही स्वतंत्र गुन्हा ठरवलं.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न असतात. नवऱ्याने कधी मुद्दाम गळा दाबायचा किंवा चटका द्यायचा प्रयत्न केला का, हा त्यातला एक. म्हणजे ज्या कृतीला पडद्यावर शृंगार म्हणून विकलं जातं, तीच आपल्या पाहणीत गंभीर मारहाणीत मोजली जाते. जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका सातपट वाढतो, असं २००८ चा अमेरिकन अभ्यास सांगतो. नवऱ्याला नाही म्हटलं तर माहेरी धाडतील, ही भीती जिच्या मनात आहे तिच्या ‘हो’ला किती वजन द्यायचं?

म्हणून बोलणं आधी व्हायला हवं, कपडे अंगावर असताना, दारू पोटात नसताना, दिवसाउजेडी. काय चालेल, काय कदापि चालणार नाही, आज तब्येत कशी आहे, लटक्या ‘नको’च्या पलीकडचा, एरवी त्या वेळी तोंडात येणारच नाही असा कुठला शब्द ऐकला की सगळं जागच्या जागी थांबेल, तोंड बंद असेल तर हाताने कुठली खूण करायची. मध्येच थांबवल्याबद्दल नंतर कुणी रुसायचं नाही, हेही ठरवावं लागतं, कारण अनेकजणी रुसव्याच्या धाकानेच गप्प बसतात. बाकीच्या रांगडेपणात या करारामुळे बरंच निभावतं. गळ्याच्या बाबतीत ज्यांच्या जोरावर हा करार चालतो ती शुद्ध आणि तो आवाज हेच आधी जातात. तिथे ‘नाही, हे आपण करायचं नाही’ हाच बोलण्याचा शेवट असावा, असं हा सगळा इतिहास वाचल्यावर वाटतं.

आणि तरीही घडलं असेल, तर लाजेपोटी घरी बसणं महागात पडतं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, सतत डोकेदुखी, आठवणीत खंड, क्षणभर का होईना पण शुद्ध हरपणं, एका हातापायातली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं: यांतलं काहीही दिसलं, अगदी दोन दिवसांनी दिसलं, तरी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा सेलू-परभणीचं रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना ‘मानेवर दाब आला होता’ एवढं स्पष्ट सांगावं, म्हणजे ते मानेतल्या धमन्यांची तपासणी करतील. ‘जिन्यावरून पडले’ सांगितलं तर तपासणी डोक्याची आणि हाडांची होते आणि मानेतली चीर तशीच राहते.